उतारा कोणाच्या नावाचा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या खरेदी केंद्रावर कापसाच्या गाडीत ओलावा मोजायचे यंत्र खुपसण्याआधी कागद तपासले जातात. सातबारा, त्यावर ई-पीक पाहणीत चढलेली कपाशीची नोंद, आधार, बँकेचे खाते आणि २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवरची आगाऊ नोंदणी. कागद जुळले की हमीभाव; २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला तो क्विंटलमागे ८११० रुपये होता. ओलावा आठ टक्क्यांवर गेला की टक्क्यागणिक कपात, बारावर गेला की गाडी परत. कागद जुळले नाहीत तर कापूस कितीही पांढरा आणि खडखडीत वाळलेला असो, त्याची वाट खेडा खरेदीवाल्याच्या टेम्पोकडे जाते. आणि पांढरकवडा ज्यात येतो त्या केळापूर तालुक्यात ज्याने पेरले, डवरले, फवारले, वेचले त्याच्याच नावाचा सातबारा असतो असे मुळीच नाही. मक्त्याने शेती करणारा पाडव्याच्या सुमारास मालकाच्या हातावर रोख ठेवतो. लिहून कोणी काही देत नाही, मागायची सोय नसते. मालक भला असला तर विक्रीसाठी आपला सातबारा वापरू देतो. पैसे अर्थातच मालकाच्या खात्यात येतात आणि तिथून कष्टकऱ्याच्या हाती किती दिवसांनी पडायचे, हेही त्या भलेपणावरच.

विषमतेची चर्चा आपल्याकडे नेहमी वरच्या टोकापासून सुरू होते. आकडेही तसेच आहेत. ‘वर्ल्ड इनिक्वॅलिटी लॅब’च्या अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार २०२२-२३ साली देशातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांकडे ४०.१ टक्के संपत्ती होती आणि तळाच्या निम्म्या लोकसंख्येकडे ६.४ टक्के. हे आभाळातून पडलेले नाही. वारशावरचा कर १९८५ मध्ये गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला, २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांवरचा कर तीसवरून बावीस टक्क्यांवर आला. प्रत्येक वेळी कारण दिले गेले आणि प्रत्येक कारणात थोडेफार तथ्यही होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क उठवले तेव्हा अमेरिकेच्या शुल्कवाढीने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाचे कारण होते. ही सवलत वर्षअखेरपर्यंत वाढली. म्हणजे नेमके यवतमाळच्या शेतकऱ्याचे पहिले दोन-तीन वेचे घरात येईपर्यंत. सरकार श्रीमंतांना मुद्दाम देते आणि गरिबांचे मुद्दाम काढते, असे म्हणणे सोपे आहे. केळापुरात दिसते ते त्याहून गुंतागुंतीचे. इथे सरकार गरिबासाठीही पैसा सोडते. फक्त तो जमिनीच्या मालकीच्या कागदावरून वाहत येतो. ज्याच्याकडे तो कागद नाही, त्याच्या बांधापाशी येऊन तो थांबतो.

हा कागद पहिल्यांदा वाटला गेला तेव्हाची गोष्ट माहीत असायला हवी. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे दहाएक वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचे मोल आले. मोजणी झाली, खाती पडली, जमीन गहाण टाकण्याजोगी आणि विकण्याजोगी झाली. तिच्यामागोमाग सावकारही आला. यवतमाळचा मुलूख तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. इथल्या पडीत आणि जंगलाळ जमिनी भांडवलवाल्यांना इजाऱ्याने दिल्या गेल्या. या जिल्ह्यात आजही गावांच्या नावामागे ‘इजारा’ लागलेला दिसतो तो त्याच काळाचा. सरकारदप्तरी ज्या जमिनी पडीत होत्या, तिथे कोलाम आणि गोंड राहत होते, झाडोरा जाळून ज्वारी-कोदो पिकवत होते. त्यांच्याकडे कागद नव्हता. कागद लागतो हेच त्यांना माहीत नव्हते. वन खात्याच्या सीमा आखल्या गेल्यावर उरलेली वाटही बंद झाली. आज कोलामांची गणना राज्यातल्या तीन ‘विशेष असुरक्षित’ आदिम जमातींत होते. ही असुरक्षितता रक्तातून आलेली नाही, ती नोंदीतून आलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर नोंद बदलायचा प्रयत्न झाला, हे मान्य केले पाहिजे. विदर्भासाठी १९५८ मध्ये कुळकायदा झाला, १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. पुढे दुरुस्ती होऊन कोरडवाहूला ५४ एकरांची मर्यादा घातली गेली. काहींना जमिनी मिळाल्या. पण कुळाचे नाव लागले तर जमीन जाते, ही धास्ती मालकांच्या मनात कायमची बसली आणि तेव्हापासून मक्ता तोंडी झाला. कष्टकऱ्याला राखायला केलेला कायदाच त्याला अदृश्य करून बसला. मूळ मालक आता बहुधा यवतमाळात, नागपुरात किंवा पुण्यात नोकरीला असतो. जमीन करणारा गावात असतो. पीककर्ज मालकाच्या नावाने मिळू शकते, पेरणीला पैसा मात्र मक्तेदाराला लागतो. तो मग कृषी केंद्राच्या उधारीवर, बायकोच्या नावाच्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यावर नाहीतर सावकाराच्या चिठ्ठीवर उभा राहतो. त्या उधारीची पहिली अट अशी की कापूस निघाला की आधी इकडे टाकायचा. हमीभावाचा फलक तो वाचू शकतो, एवढेच.

मालकीच्या कागदाच्या या गाळणीतून एकेक योजना कशी गेली ते पाहा. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्यांना पूर्ण माफी होती. बाकीच्यांनी आधी तीन हिस्से भरायचे, मग चौथा सुटणार. पश्चिम महाराष्ट्रातल्या पाच एकर बागायतीला आणि इथल्या सात एकर बरड मुरमाडीला एकच फूटपट्टी लागली. सावकाराचे कर्ज तर हिशेबातच नव्हते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला सहा हजार रुपये जमीनधारक कुटुंबाला मिळतात. शेतकरी आत्महत्येनंतर राज्य सरकार देते ते एक लाख रुपये (तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत) मिळायला कुटुंबाच्या नावे जमीन आणि बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज दाखवावे लागते. ते दाखवता आले नाही की कागदावर शब्द येतो, ‘अपात्र’. माणूस गेल्यावरही त्याला परीक्षेत नापास करणारा हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे दगावली, शेकडो यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल झाली. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरणाऱ्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले पुष्कळ होते. आणि बाई? निंदण तिचे, वेचणी तिची, उन्हात कंबर वाकवून भरलेल्या ओट्याचे किलोवर पैसे तिचे. सातबारावर तिचे नाव लागते ते बहुतेक वेळा नवरा गेल्यावर, तेही दीर-भासऱ्यांची तक्रार नसेल तर.

पैनगंगेच्या पलीकडे काय आहे, हे पाटणबोरीच्या माणसाला आपल्या मंत्र्यांपेक्षा जास्त ठाऊक असते. त्याचे सोयरे तिकडे असतात, निम्मी बोलीही तिकडची. अखंड आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कायदा करून मक्त्याने कसणाऱ्याला कर्जासाठी ओळखपत्र देण्याची सोय केली, तेव्हा आदिलाबाद त्यातच होते. मालकीला धक्का लागत नाही आणि कसणारा कागदावर येतो, अशी ती मधली वाट. पण तिकडेही २०१८ मध्ये ‘रयतु बंधू’ योजना आली ती एकराच्या हिशेबाने आणि मालकाच्या खात्यात. जितके एकर जास्त तितकी मदत जास्त, मक्तेदार बाहेर. नदी ओलांडली तरी पैशाचा ओघ त्याच उताराने वाहतो.

सरकारला दुसरे काही जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. काम मागायला सातबारा लागत नव्हता, दोन हात पुरेसे होते. पैसा कुठून आला? १९७५ मध्ये त्यासाठी व्यवसाय कर बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, त्याचे मूळ तिथे आहे. पगारपत्रकावरची ती ओळ पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल? शहरातल्या कमावत्याच्या खिशातून खेड्यातल्या भूमिहीनाच्या ताटापर्यंत थेट गेलेला एवढा सरळ रस्ता महाराष्ट्राने नंतर फारसा बांधला नाही.

जमीन नसलेल्याला उरतो दुसरा कागद, शाळेचा दाखला. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच मांडले होते की महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. आधी गावोगावच्या प्राथमिक शाळांकडे पैसा वळवा. दीडशे वर्षे होत आली. कोलाम पोडावरचे, म्हणजे वस्तीवरचे, सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याच्या घरची भाषा कोलामी असते, जी मराठीच्या नव्हे तर तेलुगू-गोंडीच्या कुळातली. पहिलीच्या वर्गात बाई ‘बस’ म्हणतात आणि पोर उभेच राहते. मंद म्हणून त्याची नोंद व्हायला एवढे पुरते. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी असावी की नसावी यावर मुंबईत मोर्चांची तयारी झाली, शासन निर्णय निघाले आणि मागेही घेतले गेले. ज्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे, त्या मुलांचा उल्लेख त्या सगळ्या गदारोळात कोणी केल्याचे आम्हाला तरी स्मरत नाही.

आश्रमशाळा आहेत, पांढरकवड्याला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पण त्याच आदिवासी विकास विभागाची एक योजना आदिवासी मुलांना खाजगी ‘नामांकित’ इंग्रजी निवासी शाळांत फी भरून पाठवते. काही मुलांचे तिथे भले झाले असेल, होवो. मात्र आपल्या शाळा नामांकित नाहीत, अशी कबुली सरकारनेच दरवर्षी पैसे मोजून द्यावी, हे विलक्षण आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट देण्याचा नियम आला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच्या आदल्या वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची टूम निघाली होती. कमी पट हा शहरात शाळेचा दोष असेल. पोडावर तो फक्त घरे किती आहेत ते सांगतो. नाल्याला पूर आला की समूह शाळेची गाडी येणार नाही, आणि आठवीतली मुलगी त्या दिवसापासून वेचणीला जाईल.

शिकूनही सुटका होते असे नाही. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर केळापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे-पलीकडे पहाटे फटफटायच्या आत पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे-पोरी दिसतात. काश्मीर ते कन्याकुमारी जाणारे ट्रक त्यांच्या अंगावर वारा फेकत निघून जातात. यातला एखादा बी.ए. झालेला असतो, एखादी डी.एड. धावून आल्यावर ती आईबरोबर शेतात जाते. पदवी मिळाली, नोकरी निघाली नाही. निघाली तेव्हा शिकवणी लावायला नागपूर, पुण्यात राहावे लागते आणि तिथल्या खोलीचे भाडे विकायला एकर असलेल्यालाच परवडते. म्हणजे दुसरा कागदही शेवटी पहिल्या कागदावर येऊन टेकतो.

करायचे काय, याचे उत्तर नव्याने शोधावे लागत नाही. जमीन भाड्याने देण्याचा नमुना कायदा नीती आयोगाने २०१६ मध्येच तयार करून राज्यांपुढे ठेवला आहे. त्यात मालकाची मालकी शाबूत राहते, कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि नुकसानभरपाईपुरती ओळख मिळते. केळापूर तालुक्यातली बरीच गावे पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे कोणत्या शेतात यंदा कोणी नांगर धरला हे सांगायला उपग्रह लागत नाही, ग्रामसभा पुरते. ग्रामसभेच्या दाखल्यावर हंगामापुरते कसणाऱ्याचे नाव लागले आणि खरेदी केंद्राने ते मानले, तर येत्या हंगामात फरक दिसू शकतो. कोलामी आणि गोंडी येणारी पोडावरचीच बारावी झालेली मुलगी पहिली-दुसरीच्या वर्गात मदतनीस म्हणून नेमायला घटनादुरुस्ती लागत नाही. पैसा कुठून आणायचा, हे १९७५ साली ठरवता आले होते.

गाव नमुना सातवर कुळाच्या नावासाठी वेगळा रकाना आजही आहे. खंड किती, तेही तिथेच लिहायचे असते. तोंडी मक्त्याच्या शेताचा उतारा तलाठ्याकडून काढला की हा रकाना कोराच छापून येतो, आणि खाली सही-शिक्का असतो की नोंदी बरोबर आहेत.