न्यूट्रल रंगांत सजवा भाड्याचं घर

नोकरी किंवा बदलीच्या निमित्ताने नागपूर, पुणे, नाशिकहून दिल्ली, नोएडा, गुरुग्रामला आलेल्या कुटुंबांच्या घरात एक गोष्ट हमखास दिसते. येऊन दोन वर्षं झाली तरी एखाद-दुसरं खोकं उघडलेलंच नसतं. भिंतीवर आधीच्या भाडेकरूच्या आवडीचा जांभळा रंग, खिडकीला घरमालकाने ठेवलेले पडदे आणि सोफा सोडून दिलेल्या घरातून आणलेला. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘कशाला सजवायचं? घर कुठे आपलं आहे?’’

घर भाड्याचं असलं तरी त्यात जाणारे दिवस तुमचेच असतात. दिवसभर ट्रॅफिक, मेट्रोची गर्दी आणि धूर सोसून तुम्ही दार उघडता, तेव्हा समोर जे दिसतं त्याचा तुमच्या मनावर परिणाम होतोच. अशा घरासाठी न्यूट्रल रंगसंगती सगळ्यात सोयीची. ती कुठल्याही भिंतीशी जुळवून घेते, पुढच्या घरातही चालते आणि थोड्या पैशांत होते.

न्यूट्रल म्हणजे फक्त पांढरा नव्हे

न्यूट्रल म्हटलं की अनेकींना हॉस्पिटलच्या भिंती आठवतात. प्रत्यक्षात या कुटुंबात बरेच सदस्य आहेत. मोतिया, हस्तिदंती, बदामी, वाळूचा, मातकट, राखाडी, दगडी, कॉफीचा तपकिरी, अगदी काळासुद्धा. हे रंग स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाहीत, बाजूच्या वस्तूला पुढे येऊ देतात. एकाच कुटुंबातल्या तीन-चार छटा एकत्र आल्या की खोली शांत वाटते, पण रिकामी वाटत नाही.

हे काही परदेशातून आलेलं फॅड नाही. आपल्या जुन्या वाड्यांत काय होतं? काळा दगड, सागवानी खांब, चुन्याच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात तांब्याचा हंडा. दिल्लीत पाहायचं असेल तर लोधी गार्डनला लागून असलेलं इंडिया इंटरनॅशनल सेंटर पाहा. जोसेफ स्टाइन या आर्किटेक्टने रचलेली ही इमारत 1962 मध्ये सुरू झाली. दगड, काँक्रीट, जाळ्या आणि भोवती झाडं, एवढ्यावरच ती साठ वर्षांनंतरही ताजी दिसते. जॉन बिसेल यांनी 1960 मध्ये दिल्लीत फॅबइंडिया सुरू केली, तीही आधी भारतीय हातमागाचं कापड आणि गालिचे परदेशी पाठवण्यासाठी. ग्रेटर कैलासमधलं त्यांचं पहिलं दुकान 1976 मध्ये उघडलं. म्हणजे परदेशातल्या घरांत जाऊन बसलेला हा साधेपणा मुळात आपल्याच मागावर विणलेला होता.

खर्च कुठे कराल?

भाडेकरार बहुतेक वेळा 11 महिन्यांचा असतो. त्यामागे कायद्याचं कारण आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करणं सक्तीचं आहे, म्हणून लोक 11 महिन्यांवर थांबतात. तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. ट्रकमध्ये चढवून सोबत नेता येईल अशाच गोष्टींवर पैसे खर्च करा. फॉल्स सिलिंग, भिंतीत बसवलेलं कपाट, वॉलपेपर यांच्यावर केलेला खर्च घरमालकाला भेट दिल्यासारखा आहे. याउलट पडदे, गालिचा, लॅम्प, खुर्ची, कुशन कव्हर्स ही तुमची मालमत्ता.

रंगकाम मात्र करारावर सही करण्यापूर्वीच बोलून घ्या. अनेक घरमालक नवा भाडेकरू येण्याआधी रंग देतातच. तेव्हा, ‘‘देणारच आहात तर सगळीकडे हा एकच फिका रंग द्या,’’ एवढं सांगायला पैसे लागत नाहीत. घर सोडताना रंगाचे पैसे अनामत रकमेतून कापणार का, हेही तेव्हाच लिहून घ्या.

रंग स्वतः देणार असाल तर आधी हिशेब करा. 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीच्या चार भिंती मिळून 440 चौरस फूट होतात. दारं-खिडक्यांचे साधारण 60 वजा केले तर उरले 380, म्हणजे दोन हातांचे 760. एका लिटरमध्ये किती जागा रंगते ते डब्यावर छापलेलं असतं. एवढं माहीत असलं की पेंटर सांगेल तितके डबे तुम्ही आणणार नाही.

भिंतीची खरी छटा ओळखा

न्यूट्रल रंग फसवा असतो, कारण त्याच्या पोटात दुसरा एखादा रंग लपलेला असतो. एका बदामीत गुलाबी झाक असते, दुसऱ्यात पिवळी, तर तिसऱ्यात हिरवट. ती ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे शेडकार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. लपलेली झाक लगेच समोर येते.

त्यानंतर खोलीचं तोंड कुठे आहे ते पाहा. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन येत नाही, प्रकाश थोडा निळसर असतो. तिथे राखाडी रंग उदास वाटतो, म्हणून पिवळी किंवा पीच झाक असलेला मोतिया घ्या. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर ऊन तापतं, तिथे थोडा थंड, दगडी रंग डोळ्यांना बरा वाटतो. बाजूच्या टॉवरमुळे तुमच्या खालच्या मजल्यावर उजेडच पोहोचत नसेल तर भिंती आणि छत दोन्ही फिके ठेवा.

दिल्लीत ऋतूंचाही विचार करावा लागतो. जूनमध्ये इथला दिवस जवळपास 14 तासांचा असतो, डिसेंबरच्या अखेरीस तो सव्वादहा तासांवर येतो आणि त्यातही धुकं आणि धूर. मे महिन्यात थंड वाटणारा राखाडी रंग जानेवारीत नकोसा होतो. म्हणून भिंत मधल्या छटेची ठेवा आणि ऋतूप्रमाणे कापडं बदला. उन्हाळ्यात पांढऱ्या सुती चादरी, थंडीत तपकिरी लोकर.

दिवे आधी, रंग नंतर

आपल्याकडे बहुतेक घरांत पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब असते. तिच्या खोक्यावर 6500 के असं लिहिलेलं असतं. हा प्रकाश निळसर असल्याने दुकानात उबदार दिसलेला बदामी रंग रात्री घरात फिकुटलेला, आजारी वाटतो. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत 2700 ते 3000 के चे पिवळसर बल्ब लावून बघा. स्वयंपाकघरात आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर 4000 के चा बल्ब चांगला. भिंतीचा रंग न बदलता खोली बदलण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. एकच मोठा दिवा छताला लावण्यापेक्षा दोन-तीन छोटे लॅम्प वेगवेगळ्या उंचीवर ठेवले तर साधी भिंतही सुंदर दिसते.

फर्निचर कमी, पण टिकाऊ

खोलीतल्या रंगांची वाटणी 60-30-10 अशी करा. 60 टक्के मुख्य रंग भिंती आणि मोठ्या गालिच्याचा, 30 टक्के सोफा, पडदे आणि लाकडाचा आणि 10 टक्के तुमच्या आवडीच्या एखाद्या उठावदार रंगाचा. मोठ्या वस्तू न्यूट्रल ठेवल्या की मन बदललं तरी फक्त त्या 10 टक्क्यांचाच खर्च येतो.

नवं लाकडी फर्निचर हवं असेल तर कीर्ती नगर आणि पंचकुइयां रोडच्या बाजारात फेरी मारा. जुनं, पण घट्ट बांधणीचं हवं असेल तर अमर कॉलनी. जुन्या शिसवी टेबलाला पॉलिश केलं की ते नव्या एमडीएफपेक्षा जास्त वर्षं चालतं. एमडीएफ पाण्याने फुगतं आणि दोन-तीनदा खोलून जोडलं की स्क्रूची पकड सैल होते. वारंवार घर बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. घेताना खण पूर्ण बाहेर काढून बघा, टेबल उलटं करून वाळवीची भोकं आहेत का ते तपासा आणि लिफ्टच्या दाराचं माप खिशात ठेवा.

आणखी एक वस्तू म्हणजे मुढा. सरकंड्याच्या काड्या आणि मुंजेची दोरी यांनी बांधलेलं हे बैठं आसन हरियाणात घरोघरी असतं आणि एनसीआरमध्ये रस्त्याच्या कडेलाही मिळतं. रंग वाळलेल्या गवताचा, वजन इतकं कमी की मूलही उचलेल. दोन मुढे आणि मध्ये लाकडी पाट ठेवला की बाल्कनीत चहाची जागा तयार. मात्र, पावसात भिजू देऊ नका.

गालिचा आणि सतरंजीसाठी पानिपतचं नाव आहेच. तिथल्या हातमागाच्या सतरंज्या दिल्लीच्या बाजारातही मिळतात. ज्यूटचा गालिचा दिसायला छान, पण ओल लागली की वास धरतो, म्हणून तळमजल्यावर सुती सतरंजीच घ्या. पोताकडे विशेष लक्ष द्या. रंग कमी असतात तेव्हा खोलीत जिवंतपणा येतो तो खरखरीत, मऊ, गुळगुळीत अशा स्पर्शांच्या फरकातून. सुती पडदा, वेताची टोपली, मातीचं भांडं, लोकरीची घडी हे सगळं एकाच रंगाचं असलं तरी एकसारखं दिसत नाही.

ते न उघडलेलं खोकं उघडा

आता त्या खोक्याकडे वळा. सोशल मीडियावरची न्यूट्रल घरं बघून काही जणी आईने दिलेली पितळी समई, खणाच्या चोळ्या, सोलापुरी चादर माळ्यावर टाकतात. ‘थीममध्ये बसत नाही’ हे त्यामागचं कारण. खरं तर या वस्तू उठून दिसाव्यात म्हणूनच बाकीचं घर शांत ठेवायचं असतं.

मोतिया भिंतीसमोर पितळेची समई जितकी खुलते तितकी जांभळ्या भिंतीसमोर कधीच खुलणार नाही. खणाच्या दोन तुकड्यांची कुशन कव्हर्स शिवा. बदामी सोफ्यावर तीच तुमची 10 टक्के. धनगरी घोंगडी तर मुळातच काळ्या-करड्या लोकरीची, सोफ्याच्या पाठीवर टाकली की थंडीत उपयोगी आणि दिसायलाही देखणी. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचं वारली चित्र किंवा काळ्या धातूवर चांदीचं काम असलेलं बीदरचं बिदरी भांडं यांना न्यूट्रल खोलीत मानाची जागा मिळते. गावाहून काही आणलं नसेल तर कॅनॉट प्लेसजवळ बाबा खडकसिंग मार्गावर राज्यांची एम्पोरियम आहेत, त्यात महाराष्ट्राचं ‘त्रिमूर्ती’ आहे. आयएनएच्या दिल्ली हाटमध्येही देशभरातले कारागीर येतात.

फक्त सगळं एकाच वेळी मांडू नका. एका भिंतीवर एक चित्र, एका फळीवर तीन वस्तू. बाकीच्या कापडात गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. घरमालक खिळे ठोकू देत नसेल तर चित्रं फळीवर किंवा जमिनीवर टेकवून ठेवा. मनी प्लांट आणि स्नेक प्लांट कमी उजेडातही तग धरतात, त्यांचा हिरवा रंग कुठल्याही न्यूट्रल छटेशी भांडत नाही.

धूळ, हळद आणि मुलं

एनसीआरच्या घरात सगळ्यात जास्त टिकणारी गोष्ट म्हणजे धूळ. उन्हाळ्यात आंधी आली की खिडक्या बंद असूनही टेबलावर थर बसतो. ही धूळ स्वतःच मातकट रंगाची असते, त्यामुळे ती काळ्या टेबलावर आणि शुभ्र पांढऱ्यावर लगेच दिसते. वाळूच्या आणि फिक्या तपकिरी छटांवर कमी दिसते. भिंतींना धुता येणारं इमल्शन द्या, निदान मुलांचा हात पोहोचतो तिथपर्यंत.

सोफ्याला चेनवाली, काढून धुता येणारी कव्हर्स शिवा आणि दोन जोड ठेवा. वरणाची वाटी सांडली तर घाबरू नका. हळदीवर साबण लागताच डाग लाल होतो, तो साबणातल्या क्षारामुळे. डाग धुऊन कापड कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात फिका पडत जातो आणि ऊन इथे भरपूर आहे.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवायला हवी. घर मासिकातल्या फोटोसारखं दिसावं म्हणून एकाच बाईने रोज दोन तास पुसत बसायचं आणि मुलांना सोफ्यावर बसायला मनाई करायची, ही सजावट नव्हे, शिक्षा आहे. कव्हर्स बदलणं नवऱ्याचं काम, झाडांना पाणी मुलांचं, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करा. जी वस्तू जपायला घरातलं कुणीच तयार नाही, ती विकत घेऊ नका.

सगळं एका महिन्यात करायची गरज नाही. या रविवारी बल्ब बदला, पुढच्या महिन्यात पडदे, दिवाळीला गालिचा. 11 महिने संपून ट्रक दारात आला तरी हे सगळं तुमच्याबरोबर पुढच्या घरी येणार आहे. तिथे भिंती कुठल्याही असोत, पहिल्याच संध्याकाळी सतरंजी अंथरून, लॅम्प लावून समई फळीवर ठेवलीत की तुम्ही घरी पोहोचलात.