आत्म्याचे वजन आणि वरची वाट
आत्म्याला वजन असते का, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरांनी मरणासन्न रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवले आणि पहिल्या रुग्णाचा प्राण जाताच सुमारे २१ ग्रॅम वजन घटल्याचे १९०७ साली प्रसिद्ध केले. अवघ्या सहा रुग्णांवरचा, त्यातही एकमेकांशी न जुळणाऱ्या आकड्यांचा हा प्रयोग शास्त्र म्हणून टिकला नाही. पण त्यातून उठणारा प्रश्न मोठा लोभस आहे, कारण ज्याला वजन आहे त्याला पृथ्वी खाली ओढणार, मग ते स्वर्गाकडे चढेल कसे? जैन दर्शनाने याचा विचार फार पूर्वी केला होता. आचार्य उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ या ग्रंथानुसार ऊर्ध्वगती, म्हणजे वर जाणे, हा जीवाचा स्वभावच असून त्याला खाली धरून ठेवते ते कर्म, आणि हे कर्मही तेथे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्यच, मानलेले आहे. मातीचे लेप दिलेला भोपळा पाण्यात तळाशी बसतो आणि माती विरघळताच वर येतो, तसा मुक्त जीव लोकाच्या, म्हणजे विश्वाच्या, माथ्यापर्यंत जातो. तेथे तो थांबतो, कारण गतीला साहाय्य करणारे धर्मास्तिकाय नावाचे द्रव्य त्यापलीकडे नाही, आणि हा तपशील तर विशेष मनोहर आहे, कारण मोक्षाच्या वाटेलाही माध्यम लागते, हे त्यात गृहीत धरलेले आहे.