भिंत कुणाची, विटा कुणाच्या?

मैत्रिणींनो, इंग्रजी रॉक संगीताच्या एका अल्बमबद्दल आपल्या त्रैमासिकात लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस घुटमळत होते. आपल्याकडे चळवळीची गाणी आहेत, ओव्या आहेत, पथनाट्यं आहेत. त्यात हे कुठून आलं, असं कुणीही विचारेल. पण गेल्या हिवाळ्यात मणिबेलीत एका रात्री जे बोलणं झालं, ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आमच्याबरोबर शहरातल्या कॉलेजची काही मुलंमुली आली होती. भाकरी-डाळ खाऊन सगळे एका घराच्या ओसरीवर बसले होते. समोर अंधारात सरदार सरोवराचं पाणी. एका मुलाने मोबाइलवर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा 'द वॉल' लावला. म्हणाला, "ताई, हा अल्बम ऐकावा तर इथेच. भिंत! धरणाचीच गोष्ट वाटते." मला हसू आलं. हॉस्टेलमध्ये असताना हाच अल्बम मीही रात्र रात्र ऐकला होता, आणि तेव्हा मलाही तो जगातल्या प्रत्येक भिंतीबद्दल आहे असंच वाटायचं.

घरातली बाई वसावा समाजाची, साठी ओलांडलेली. ती म्हणाली, हा काय सांगतोय ते मलाही सांगा. मग तो मुलगा मराठीत गोष्ट सांगू लागला आणि मी मोडक्यातोडक्या वसावीत ती पुढे सरकवू लागले.

गोष्ट अशी. पिंक नावाचा एक गायक आहे. तो तान्हा असतानाच बाप युद्धात मारला जातो. आई त्याला पदराआड ठेवून वाढवते, इतकी की त्याचा श्वास कोंडावा. शाळेत मास्तर चारचौघांत त्याचा अपमान करतो. मोठेपणी तो नावारूपाला येतो, लग्न करतो. कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना घरी फोन लावतो तर दुसराच पुरुष फोन उचलतो. झालेल्या प्रत्येक दुखापतीची तो एक वीट करतो आणि स्वतःभोवती भिंत बांधत जातो. भिंत पुरी होते तेव्हा आत तो एकटाच उरतो. मग डॉक्टर सुई टोचून त्याला मंचावर उभा करतो, आणि त्या गुंगीत तो स्वतःला हुकूमशहा समजू लागतो. समोरच्या गर्दीतून 'वेगळी' माणसं वेचून काढायचे हुकूम देतो. शेवटी त्याच्याच मनात एक खटला भरतो. मास्तर, बायको, आई साक्षीला येतात, आणि न्यायाधीश निकाल देतो की ही भिंत पाडा.

बाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने एकच प्रश्न विचारला. "बाप मेला, मग त्या याहाने खाल्लं काय? जमीन होती का तिच्या नावावर?"

याहा म्हणजे आई. मुलगा गोंधळला. म्हणाला, "ते अल्बममध्ये नाहीये."

तिथून माझा विचार सुरू झाला. या अल्बमचे अर्थ आजवर पुष्कळ लावले गेलेत. तो रॉजर वॉटर्सच्या आयुष्यातून आला, हे खरंच आहे. वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, फेब्रुवारी १९४४ मध्ये, त्याचे वडील इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. १९७७ साली मॉन्ट्रियलच्या एका कार्यक्रमात तो एका श्रोत्यावर थुंकला आणि स्वतःच्याच वागण्याने हादरला. आपल्यात आणि ऐकणाऱ्यांत एक भिंत उभी राहिली आहे, ही कल्पना तिथून निघाली. युद्धाचा निषेध, घोकंपट्टीच्या शिक्षणाचा निषेध, प्रसिद्धीने माणूस पोकळ होतो ते, हे सगळे अर्थ मला मान्य आहेत. पण या अर्थांमध्ये पिंकच्या भोवतीची बाई नेहमी वीट असते. विटेला गोष्ट नसते.

त्या बाईच्या प्रश्नानंतर मी अल्बम पुन्हा ऐकला. मास्तर क्रूर का आहे? तर तो घरी गेला की त्याची बायको त्याला धोपटते. म्हणजे शाळेतल्या हिंसेचं मूळही शेवटी एका बाईत सापडतं! ब्रिटिश शाळांमध्ये छडीची रीत होती, वर्गव्यवस्था होती, साम्राज्याला हुकूम पाळणारे कारकून आणि शिपाई हवे होते. पण गाण्यात दोष येतो तो मास्तरच्या लठ्ठ बायकोवर. पिंकची बायको त्याला सोडते ती का, हे तिच्या तोंडून आपल्याला कुठेच कळत नाही. तो मात्र तिला जाऊ नकोस म्हणणाऱ्या गाण्यातच तिला मारहाण करण्याची भाषा बोलतो. आपल्या सल्लाकेंद्रात अशी विनवणी करणारे नवरे आपण किती पाहिले आहेत! आणि आई? युद्धात विधवा झालेली, एकटीने मूल वाढवणारी बाई. तिच्या धास्तीला काही कारण असू शकतं, एवढाही संशय गाण्याला येत नाही. प्रत्यक्ष वॉटर्सची आई शिक्षिका होती आणि डाव्या विचारांची होती. अल्बममधल्या आईला मात्र नोकरी नाही, मत नाही, मुलाला कवटाळण्यापलीकडे काम नाही.

यावर त्या मुलाने चांगला आक्षेप घेतला. म्हणाला, "ताई, पण हे सगळं पिंकच्या डोक्यातलं आहे ना? खटलासुद्धा. त्याला बायका तशा दिसतात हाच त्याचा आजार आहे, आणि शिक्षाही त्यालाच होते." मला हे अर्धं पटतं. अल्बमचं मोठेपणही तिथेच आहे. स्वतःच्या दुःखाला कुरवाळत बसलेला पुरुष एके दिवशी गर्दीसमोर हुकूमशहा होतो, हे १९७९ साली एका पुरुषाने स्वतःबद्दल सांगणं साधी गोष्ट नव्हती. दुखावलेल्या पुरुषपणाची आणि जमावाच्या राजकारणाची ही गाठ आपण घरातल्या हिंसेबद्दल बोलतानाही क्वचितच इतकी स्पष्ट दाखवतो. आमच्या युवक शिबिरात मी तो भाग जरूर वापरीन. पण आजार ओळखणं वेगळं आणि आजाऱ्याच्या खोलीबाहेर येऊन बाकीच्यांना विचारणं वेगळं. अल्बम खोलीबाहेर येत नाही. शेवटी भिंत पडते, पण आपल्याला पलीकडचं कुणी भेटत नाही. आणि ऐकणाऱ्याने कान दिला तर लक्षात येतं की शेवटचं अर्धं वाक्य पहिल्या अर्ध्या वाक्याला जाऊन जुळतं, म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आता मणिबेलीच्या भिंतीबद्दल. 'द वॉल' इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला ३० नोव्हेंबर १९७९ रोजी. त्याच्या बरोबर एका आठवड्याने, ७ डिसेंबर १९७९ रोजी, नर्मदा पाणी तंटा लवादाने आपला निवाडा दिला आणि सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी ४५५ फुटांवर, म्हणजे १३८.६८ मीटरवर ठरवली. हा निव्वळ योगायोग, त्यातून मी काही सिद्ध करत नाही. पण दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तेव्हा मी चमकले.

निवाड्यात विस्थापित 'कुटुंबा'ची व्याख्या आहे. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली माणसं, उदाहरणार्थ विधवा आई. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा हे स्वतंत्र कुटुंब धरावं. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन गेलेल्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन मिळावी. त्या काळच्या धरणांच्या मानाने हा निवाडा उदार होता, हे नाकारून चालणार नाही. याच व्याख्येच्या आधारावर कार्यकर्त्यांनी पुढे वर्षानुवर्षं भांडण चालवलं, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान मुलांचा जमिनीचा हक्क मान्य केला. आपणही त्या निकालाचा आनंद केला. पण सज्ञान मुलगी? तिचा शब्दच त्या व्याख्येत नाही. अठरा वर्षांचा मुलगा एक कुटुंब, त्याची तीस वर्षांची बहीण कुणाचीच नाही. आणि नवरा मेलेली आई ही उदाहरणादाखल आलेली, अवलंबून असलेली व्यक्ती.

पिंकच्या आईचीही हीच जागा आहे. मुलाच्या गोष्टीत ती आहे, स्वतःच्या गोष्टीत नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. धरणाच्या भिंतीपासून वर येताना महाराष्ट्राच्या हद्दीतलं पहिलं गाव मणिबेली. महाराष्ट्रातल्या तेहतीस बुडीत गावांत पहिलं पाणी इथे आलं. १९९१ ते १९९३ हे गाव सत्याग्रहाचं केंद्र होतं. १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं पाण्यात गेली, पुढच्या वर्षी शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ. 'डूबेंगे पर हटेंगे नहीं' ही घोषणा देत पाण्यात उभ्या राहिलेल्यांत बायका पुढे होत्या, आणि लाठ्या खाण्यातही. १९९४ साली जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं म्हणून जी मागणी केली, तिला मणिबेली जाहीरनामा असंच नाव मिळालं. एका आदिवासी गावाचं नाव जगभर गेलं. अक्कलकुव्याच्या तहसील कचेरीत मात्र बायकांची नावं सातबाऱ्यावर गेली नाहीत.

पिंकला न्यायाधीशाने भिंत पाडण्याची शिक्षा दिली. इथल्या खटल्याचा निकाल १८ ऑक्टोबर २००० रोजी लागला आणि दोन विरुद्ध एक मताने भिंत बांधायला परवानगी मिळाली. २०१७ साली ती पूर्ण उंचीला गेली. २०१९ च्या सप्टेंबरात तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला.

आमच्या वसाहतींमधल्या कामात रोज दिसतं ते सांगते. दोन सज्ञान मुलांना वेगवेगळे प्लॉट मिळाले, आई सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. जुन्या गावात तिची परसातली मका होती, रानातला मोह होता, नदीची मासळी होती. त्याला सातबारा लागत नव्हता. इथे सगळ्यालाच कागद लागतो. माहेरी परत आलेली मुलगी तर भावाच्या दयेवर. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही, म्हणून २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मिळालेला हक्कही तिच्या दारापर्यंत येत नाही. 'आमच्यात मुलीला जमीन देत नाहीत,' हे जातपंचही सांगतात आणि कारकूनही. मला कारकुनाचा राग जास्त येतो, कारण त्याच्या घरी बहुधा बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केलेली असते.

आणि आपण? चळवळीत आम्ही 'कुटुंब' हाच शब्द वापरत राहिलो. यादी करताना कुटुंबप्रमुखाचं नाव विचारत राहिलो. मीही अशा याद्या केल्या आहेत. पाणी गळ्याशी आलं असताना व्याख्येवर भांडायला सवड नव्हती, हे खरं आहे. पण आता तीस वर्षांनंतर ते कारण पुरत नाही.

एका गोष्टीने मला धीर येतो. त्याच अल्बममधलं शाळकरी पोरांनी गायलेलं गाणं १९८० साली दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या मुलांनी विषम शिक्षणाविरुद्ध उचललं आणि तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. वॉटर्सने ते लिहिलं होतं स्वतःच्या केंब्रिजमधल्या शाळेच्या रागातून. ऐकणाऱ्यांनी त्याला आपला अर्थ दिला. नर्मदाकाठच्या लोकांनी तर मास्तर न येणाऱ्या सरकारी शाळांना कंटाळून स्वतःच्या जीवनशाळा काढल्या, आणि 'लडाई पढाई साथ साथ' म्हणत मणिबेलीतही ती चालवली. अर्थ लावण्याचा हक्क कुणाकडून मागून घ्यावा लागत नाही.

तर त्या रात्रीचं राहिलं. मुलाने मोबाइल बंद केला. बाईने चूल विझवली आणि आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आणि दोन मुलांच्या जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स. ती पिशवी तिने त्या मुलासमोर ठेवली आणि म्हणाली, "तुला वाचता येतं. यात माझं नाव कुठे आहे ते बघ." तो टॉर्चच्या उजेडात बराच वेळ कागद उलटत राहिला.