दुसऱ्या खेपेचं जेवण

बेंगळुरूतल्या मराठी घरांत महागड्या हॉटेलाचा विषय निघाला की निकाल बहुधा एका वाक्यात लागतो: "एकदा जायला ठीक आहे, परत काही जाणार नाही." लग्नाचा वाढदिवस, मुलीची पहिली नोकरी, पुण्याहून आलेले व्याही, असं काहीतरी निमित्त असतं. एक संध्याकाळ साजरी होते, फोटो निघतात आणि ते हॉटेल कायमचं मागे पडतं. माझं भांडण या एका वाक्याशी आहे. ते काटकसरीचं वाटतं, शहाणपणाचंही वाटतं. पण महागडं जेवण वाया घालवायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. जिथे परत जायचंच नाही तिथे पहिल्यांदा तरी चार-पाच हजार का मोजायचे? आणि परत गेल्याशिवाय त्या पैशांचं चीज होतं की नाही हे कळणार कसं?

पहिल्या खेपेला आपण जेवणापेक्षा प्रसंगच जास्त अनुभवतो. जागा नवी, प्रकाश मंद, वेटर प्रत्येक पदार्थाची गोष्ट सांगतोय, सोबतची माणसं खुशीत. अशा वेळी आमटीत मीठ कमी असलं तरी जिभेला पत्ता लागत नाही. उलटही घडतं. बिलाच्या धास्तीने माणूस इतका आखडून बसतो की उत्तम माशाचीही चव त्याला लागत नाही. दोन्ही परिस्थितींत जे मत बनतं ते आपल्या मनःस्थितीबद्दल असतं, स्वयंपाकाबद्दल नसतं.

'न्यूयॉर्क टाइम्स'ची समीक्षक रूथ रायशल हिने 1993 साली न्यूयॉर्कच्या 'ल सर्क' या बड्या रेस्टॉरंटवर लिहिलं, तेव्हा ती तिथे अनेकदा जेवली होती. वेश पालटून अनोळखी बाई म्हणून गेली तेव्हा तिला ताटकळत ठेवलं गेलं. कोण आहे ते ओळखल्यावर टेबल तत्काळ मिळालं आणि ताटलीतल्या रासबेरीसुद्धा आकाराने मोठ्या झाल्या. तिने दोन्ही अनुभव शेजारी-शेजारी छापले आणि चार ताऱ्यांतला एक काढून घेतला. पुढे त्याच नावाचं 'ल सर्क सिग्नेचर' बेंगळुरूच्या लीला पॅलेसमध्ये आलं. रायशल एकदाच जेवून लिहिती, तर त्या दोन बायकांपैकी एकीचाच अनुभव जगापुढे आला असता. आपल्याकडे मात्र हॉटेल उघडलं त्याच आठवड्यात, बऱ्याचदा हॉटेलवाल्यांच्याच आमंत्रणावरून, एका फुकटच्या जेवणावर मत तयार होतं आणि शहर त्यावर विसंबून रांग लावतं. हे मला घातक वाटतं.

आता पूर्वपक्षाचं सर्वांत लाडकं शस्त्र: डोसा. "एवढ्या पैशांत विद्यार्थी भवनात किती डोसे झाले असते!" गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन 1943 पासून चालू आहे, त्याचा डोसा मलाही प्राणप्रिय आहे. पण हा हिशेब मांडणाऱ्याने बेंगळुरूत डोसा स्वस्त का मिळतो हे पाहिलेलं नसतं. 1983 साली जयनगरात 'कॅफे दर्शिनी' सुरू झालं आणि उभ्याने खायची पद्धत शहरभर पसरली. खुर्ची नाही, वाढपी नाही, दहा मिनिटांत गिऱ्हाईक बाहेर, त्याच्या जागी दुसरं. तांदूळ-उडदाचं पीठ आणि बटाटा यांवर, दिवसाला शेकडो गिऱ्हाइकांच्या बळावर तो दर उभा आहे. तोच दर घेऊन माशाच्या जेवणाला लावणं म्हणजे हिशेबच चुकवणं.

आणि खुद्द एमटीआरचा इतिहास काय सांगतो? 1924 साली मैया बंधूंनी सुरू केलेलं मावळ्ळी टिफिन रूम हे स्वस्त आणि सचोटीच्या खाण्याचं उदाहरण म्हणून पुढे केलं जातं. 1975 च्या आणीबाणीत हॉटेलांतल्या पदार्थांचे दर सरकारने अगदी खाली बांधून दिले. त्या दरात आपल्या प्रतीची इडली देता येणार नाही हे दिसल्यावर त्यांनी प्रत खाली आणली नाही. हॉटेल बंद ठेवलं आणि तयार पिठं-मसाल्यांच्या पाकिटांकडे वळले. बेंगळुरूच्या सगळ्यांत लाडक्या टिफिन रूमने घेतलेला हा निर्णय आहे. चांगल्या पदार्थाला त्याची म्हणून एक किंमत असते आणि तिच्याखाली तो होत नाही, हे त्यांनी नुकसान सोसून दाखवलं. म्हणून डोशाचा दाखला देणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एमटीआर तुमच्या बाजूचा साक्षीदार नाही.

याचा अर्थ महाग ते चांगलं असा मी काढत नाही. या शहरात मराठा मंडळींनी रुजवलेली मिलिटरी हॉटेलं, म्हणजे साधी सामिष खाणावळी, आहेत, कॉटनपेटेतलं एस. जी. रावांचं तर 1908 पासूनचं. पानाच्या द्रोणातली तिथली बिर्याणी परत परत बोलावते आणि खिशाला जाणवतही नाही. प्रश्न स्वस्त-महागाचा नाही, मागितलेल्या किमतीला जागण्याचा आहे.

दुसरा आक्षेप याहून जिव्हाळ्याचा, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. कारवार, गोवा, मालवणकडचा माणूस म्हणतो, "हे तर आमच्या घरचंच. आई याहून चांगलं करते. त्याला कशाला एवढे पैसे?" हे वाक्य मी रेसिडेन्सी रोडवरच्या ताज समूहाच्या हॉटेलातल्या 'करावळी'बद्दल अनेकदा ऐकलं आहे. 1990 साली कॅमेलिया पंजाबी यांच्या कल्पनेतून ते उभं राहिलं. गोव्यापासून केरळपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या घरांतून पाककृती गोळा केल्या गेल्या. सुरुवातीला तिथलं स्वयंपाकघर सांभाळणारे श्रीराम आयलूर पुढे लंडनला गेले. तिथल्या त्यांच्या 'क्विलॉन'ला 2008 साली मिशेलिनचा तारा मिळाला. इथे नरेन थिम्मय्या यांनी दशकानुदशकं तीच चव राखली.

आई चांगलं करते, कबूल. पण आईच्या हाताला एक किनारा येतो. आपल्या बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ आणि कोकम. ते तिच्याइतकं कोणाला जमणार नाही. पण केरळच्या मीन करीचं आंबट कुडमपुळीचं, मंगळुरी गस्सीतलं चिंचेचं, आणि कोडगूच्या पंडी करीत काळा, दाट कच्चमपुळी. ही आंबटं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कुडमपुळीला धुराचा वास असतो, कोकमाला नसतो. चिंच रस्सा दाट करते, कोकम करत नाही. निम्मी 'कोस्टल' हॉटेलं सगळीकडे चिंच ओतून मोकळी होतात. प्रत्येक रश्शाला त्याचंच आंबट देणारं, आणि ते वर्षानुवर्षं देत राहणारं स्वयंपाकघर कुठल्याच एका घरात नसतं. त्यासाठी संस्था लागते, आणि संस्था गिऱ्हाइकाच्या पैशावर चालते.

शिवाय घरचं स्वस्त का पडतं, हेही एकदा मोकळेपणाने बोलू या. नारळ खवायचा, मसाला वाटायचा, जाड-पातळ दूध वेगळं काढायचं, मासळी साफ करायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं. या श्रमाचा भाव आपण शून्य धरला, म्हणून घरचं जेवण फुकट वाटतं. हॉटेलात त्याच कामाला पगार द्यावा लागतो तेव्हा आकडा डोळ्यांत भरतो. मला तो आकडा टोचत नाही. माझ्या आईच्या पिढीने बिनपगारी केलेलं काम किती मोलाचं होतं, हे निदान तिथे कागदावर दिसतं. ज्या घरांतून पाककृती आल्या त्या घरांतल्या बायकांची नावं मात्र अशा हॉटेलांच्या मेनूवर असायला हवीत, आणि ती क्वचितच असतात, ही माझी तक्रार आहे. आणि ज्यांची आई गावी आहे, ज्यांच्या फ्लॅटमध्ये पाटा-वरवंटा नाही, ज्यांच्या मुलांनी नारळाचं दूध फक्त डब्यातलं पाहिलंय, त्या बेंगळुरूतल्या आपल्या लोकांनी तरी 'घरी होतं की' हे उत्तर कोणत्या घराच्या भरवशावर द्यायचं?

तर मग परत जायचं कधी आणि तपासायचं काय? माझी परीक्षा ठरलेली आहे.

पहिली म्हणजे जून-जुलैत जायचं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरवर, मंगळुरूहून येणारा रस्ता शिराडी घाटातला, आणि पावसात त्याचा भरवसा नाही. अशा दिवसांत मेनूवर जानेवारीतलीच यादी जशीच्या तशी असेल तर वेटरला विचारावं, सुरमई कुठली? पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात चेन्नईकडचा मासा येऊ शकतो, आणि तसं सांगितलं तर ते चोख उत्तर आहे. "सर, एकदम फ्रेश" हे उत्तर नव्हे. जाणतं स्वयंपाकघर या महिन्यांत आपण होऊन मासळीवरचा भर कमी करतं आणि पावसाळ्याचं वाढतं: बांबूचे कोवळे कोंब, अळूचं पत्रोडे, आठळ्या. किनाऱ्यावरच्या घरांत आषाढात जे शिजतं तेच. जानेवारीत एकदा जेवून आलेल्याला यातलं काहीच कळणार नाही.

दुसरी परीक्षा अप्पमची. आंबवण हवेवर असते, आणि बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. एप्रिलमध्ये जे पीठ रात्रभरात फुगतं ते डिसेंबरच्या थंडीत सकाळीही बसलेलं असतं. म्हणून अप्पम दोन ऋतूंत खावा. मध्ये जाळीदार आणि लुसलुशीत, कडा कुरकुरीत, आणि कढईतून थेट ताटात. थंडीत तो चिवट आला तर समजावं की पीठ घड्याळ बघून लावतात, हवा बघून नव्हे. अप्पम आणि इष्टू हा मेनूवरचा साधा पदार्थ. त्यात लपवायला मसाला नाही, सजावट नाही. साध्या पदार्थाला जे हॉटेल जपतं ते बाकीच्यालाही जपत असतं, असा माझा पक्का अनुभव आहे.

तिसरी, मंगळवारी दुपारी जायचं. कोणाचा वाढदिवस नको, आरक्षण करताना 'खास प्रसंग' सांगायचा नाही, आणि मागच्या वेळचाच पदार्थ मागवायचा. गायकाला आपण एकाच मैफलीवरून जोखत नाही. तोच राग तो पुन्हा कसा मांडतो ते ऐकतो. इंदिरानगरातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी मी हे केलं. पहिल्या वेळी ज्या मटणाने मला जिंकलं होतं, तेच दुसऱ्या वेळी वातड होतं आणि ताटलीत त्याचे तुकडेही कमी होते. वेटरने मात्र त्या मटणाची गोष्ट शब्दन् शब्द तीच सांगितली. पुन्हा तिथे गेलो नाही.

यावरून मी दुसऱ्या पक्षालाही उत्तर देतो, कारण त्याचा दोष लहान नाही. "किंमत कसली विचारता, हा अनुभव आहे," असं म्हणणारी एक पिढी या शहरात पैसा बाळगून आहे. धुराने भरलेली काचेची घंटा, दगडावर ठेवलेला एक घास, ठरलेल्या दहा-बारा पदार्थांचा क्रम. यात कसब नसतं असं नाही. शेतातल्या भाज्या-धान्यावर सगळा मेनू उभारणारे, हंगामागणिक तो बदलणारे खरे कारागीर बेंगळुरूत आहेत, आणि त्यांच्याकडे हंगाम पालटल्यावर परत जाण्यात अर्थ असतो. पण ज्यांचा सगळा डाव पहिल्या आश्चर्यावर आहे, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जाणाऱ्याला द्यायला काही नसतं. त्यांनाही तो यायला नको असतो. नवं गिऱ्हाईक, नवा फोटो, भाड्याचा करार संपेपर्यंत असंच. इंदिरानगरात पाटी बदलत राहते याचं मला नवल वाटत नाही. 'एकदा ठीक आहे' म्हणणारे आपण आणि एकदाच्याच पैशावर जगणारी ही हॉटेलं, दोघं मिळून जेवणाची प्रत खाली आणत आहोत. आपण परत जाणार नाही हे हॉटेलाला आधीच ठाऊक असेल, तर त्याने चव राखावी कोणासाठी?

बिलाविषयी. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं रोजचं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला 18 टक्के जीएसटी. रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटला 5. चार हजारांच्या जेवणावर 720 की 200, हा फरक स्वयंपाकाचा नाही, जागेचा आहे, आणि 'महाग पडलं' म्हणताना तो बाजूला काढून मग पदार्थाकडे बघावं. सेवा शुल्काचं तसं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं की ते बिलात आपोआप लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ते उचलून धरलं. तरी दहा टक्के छापून येतात तेव्हा मी ते काढायला सांगतो, आणि तेवढेच पैसे, बऱ्याचदा जास्तच, वाढणाऱ्याच्या हातात देतो. पुढच्या खेपेला तो तिथेच आहे का हे मी पाहतो. मालकाने माणसं टिकवलेली असली तर मागच्या वेळी आपण काय खाल्लं हे तो सांगतो, आज काय मागवू नये तेही सांगतो. दर तीन महिन्यांनी चेहरे बदलत असतील, तर आतही तेच चालू असतं, आणि कुडमपुळी किती वेळ भिजवायची हे नव्या पोराला दाखवायला तिथे जुनं कोणी उरलेलं नसतं.