सणाचे सूर हवेत, सरावाचे नकोत!

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांची अंत्ययात्रा निघाली. उमेदीच्या काळात ते स्वतः बँडमध्ये वाजवीत असत, आणि आपल्याला बँडच्या सुरांतच निरोप मिळावा अशी त्यांची अखेरची इच्छा होती. तरुण वादक गणवेश घालून आले. वाद्ये झळकत होती. स्तोत्राला आरंभ झाला आणि दुसऱ्याच ओळीला ट्रॉम्बोनचा सूर घसरला, तो दफनभूमीपर्यंत सावरलाच नाही. परतताना एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "फादर, पुढच्या वेळी सरळ स्पीकर लावू या. निदान बेसूर तरी होणार नाही."

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. संध्याकाळी ट्रॉम्बोन वाजविणाऱ्या मुलाला बोलावून विचारले, "बाळा, याआधी पेटी कधी उघडली होतीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "तीन महिन्यांपूर्वी फादर, लग्नाला." आणि मधल्या काळात? "घरी वाजवू देत नाहीत. बाबा म्हणतात, नुसते भों-भों करतोस, शेजाऱ्यांना त्रास होतो. एकदा चर्चच्या मागे वाजवत होतो, तेव्हा तुम्हीच मला घरी पाठवलेत."

वाचकहो, ते खरे होते. दुपारी माझा डोळा लागला होता आणि मी त्या मुलाला हुसकावून लावले होते. म्हणून हा लेख इतरांवर जितका आहे, तितकाच माझ्यावरही आहे. माझे म्हणणे एवढेच: जो समाज सरावाचा ओबडधोबड सूर सहन करीत नाही, त्याला सणाच्या गोड सुरावर हक्क सांगता येत नाही.

ट्रॉम्बोन हे वाद्य या बाबतीत फार निष्ठुर आहे. कॉर्नेटला तीन कळा असतात. योग्य कळ दाबली की सूर निदान जवळपास तरी येतो. ट्रॉम्बोनला असते ती सरकती नळी, म्हणजे स्लाइड. तिच्या सात जागा. पहिल्या जागेपासून एकेक जागा पुढे सरकावी तसा सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिली ते दुसरी हे अंतर सुमारे 8 सेंटीमीटर, आणि पुढे ते थोडे थोडे वाढतच जाते. नळीवर कोठेही खूण नाही. जागा शोधायची ती कानाने, आणि लक्षात ठेवायची ती मनगटाने. कान आणि मनगट यांचा हा समेट पुस्तक वाचून होत नाही, की लग्नाच्या आदल्या रात्री चार तास घाम गाळूनही होत नाही. तो होतो रोजच्या अर्ध्या तासाने.

या अर्ध्या तासात करायचे तरी काय? अमेरिकेतील ईस्टमन संगीत विद्यालयात 1922 पासून 1971 पर्यंत ट्रॉम्बोन शिकविणाऱ्या एमरी रेमिंग्टन यांच्या नावाने एक पाठ जगभर रूढ आहे. तो इतका साधा आहे की हसू यावे. पहिल्या जागेवर बी फ्लॅटचा दीर्घ सूर धरायचा, दुसऱ्या जागेवर उतरायचे, पुन्हा वर यायचे. मग तिसऱ्या जागेपर्यंत जाऊन परत. असे करीत सातव्या जागेपर्यंत. घाई नाही, जोर नाही. सूर आरंभापासून अखेरपर्यंत सरळ राहिला पाहिजे. त्यानंतर स्लाइड न हलविता केवळ ओठांच्या ताणाने एका सुरावरून दुसऱ्यावर जायचे. मग एखादी सप्तके संथ गतीत. आणि शेवटी एक स्तोत्र, पण आधी गळ्याने गाऊन, मग वाद्यावर. दहा मिनिटे दीर्घ सूर, दहा मिनिटे ओठांचा व्यायाम, दहा मिनिटे सप्तक आणि स्तोत्र. हाच तो 'भों-भों'.

आपल्या गवयांना यात नवीन काहीच वाटणार नाही. पहाटे तानपुऱ्यावर खर्ज लावून बसणारा गायक वेगळे काय करतो? त्याच्या खर्जाला आपण साधना म्हणतो. आपल्या मुलाच्या दीर्घ सुराला मात्र गोंगाट म्हणतो!

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप भाविकपणाचा आहे: "संगीत ही देवाची देणगी. असेल तर येईल, नसेल तर नाही." हे ऐकायला नम्र वाटते, पण ते आळसाला नेसविलेले सोवळे आहे. प्रभू येशूच्या दाखल्यातील तिसऱ्या सेवकालाही धन्याने देणगी दिलीच होती. त्याने ती जमिनीत पुरली. आपण ती मखमली पेटीत बंद करतो. देणगी देणाऱ्याला हिशेब द्यायचा असतो, हे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचे सांगणे आपल्या सोयीने विसरता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा: "आमचे आजोबा कुठे रोज पाठ करीत होते? ते कानाने वाजवीत." जुन्या लोकांविषयी हा मोठा गैरसमज आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त मुलांकडून सोल्फेजचे पाठ घोटून घेत असत आणि चुकल्यास छडीही मिळे. त्याच परंपरेतून आलेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंद उभे केले. त्यांचा कान तयार होता, कारण तो रोज तासला जात होता. आजोबांची कीर्ती आपण वारशाने घेतली. त्यांचा पाठ मात्र घेतला नाही.

तिसरा आक्षेप थोडा विद्वत्तेचा: "बँड हा उपासनेचा भाग नाहीच, मग एवढा अट्टहास कशाला?" दहावे पायस यांनी 1903 मध्ये चर्चमध्ये बँड वाजविण्यास मनाई केली होती, हे खरे. परंतु त्याच आदेशात चर्चबाहेरच्या मिरवणुकीतील बँडला धर्माध्यक्षांच्या अनुमतीने वाव होता. आणि 1963 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेला शोभतील अशी इतर वाद्येही सक्षम अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारण्यास मोकळीक दिली. ट्रॉम्बोनचे आणि आपल्या मृतांचे नाते तर फार जुने आहे. मोझार्टने 1791 मध्ये रचलेल्या मृतांसाठीच्या मिस्सात अंतिम न्यायाच्या तुतारीचा सूर त्याने ट्रॉम्बोनच्याच हाती दिला. 1812 मध्ये लिन्झ येथील कॅथेड्रलच्या संगीतप्रमुखाच्या विनंतीवरून बेथोव्हनने 2 नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मृतिदिनासाठी केवळ चार ट्रॉम्बोनच्या छोट्या रचना लिहिल्या. पंधरा वर्षांनी त्याची स्वतःची अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्यांतल्याच दोन रचना वाजविल्या आणि गायिल्या गेल्या. मृताला निरोप देण्याचे हे काम हलके आहे, असे कोण म्हणेल?

आणि तो स्पीकर? स्पीकर बेसूर होत नाही, हे मान्य. पण तो मृताला ओळखतही नाही. बँडमधला मुलगा त्या घरात जेवलेला असतो, त्या म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवलेला असतो. त्याचा श्वास त्या नळीतून जातो, म्हणून त्या सुराला निरोपाचा अर्थ असतो. तो श्वास तयार करण्याऐवजी आपण बटण दाबणार असू, तर उद्या रोझरीही यंत्राकडूनच म्हणवून घेऊ!

आम्ही धर्मगुरू रोज ब्रेव्हिअरी म्हणतो. दररोज मन भरून येते असे मुळीच नाही. कित्येकदा ओठ हलतात आणि मन कोरडे असते. तरीही ती सोडायची नसते, कारण त्या कोरड्या दिवसांच्या पायावरच एखादा भरलेला दिवस उभा राहतो. सराव ही अशीच गोष्ट आहे. ज्या घरात मुलांना हे वाद्यावर कळले, त्या घरात प्रार्थनेविषयी वेगळे प्रवचन करावे लागणार नाही.

तेव्हा केवळ हळहळ पुरे. प्रत्येक धर्मग्रामाने शाळेचा एक वर्ग संध्याकाळी तासभर वादकांना उघडून द्यावा. सणाच्या रोषणाईतून थोडी काटकसर करून मास्तरांना दरमहा मानधन द्यावे. सणापुरता नारळ आणि शाल नव्हे. आईवडिलांनी मुलाला "नवीन गाणे बसले का?" असे विचारण्याआधी "आजचे दीर्घ सूर झाले का?" असे विचारावे. शेजार फारच दाटीचा असेल, तर वाद्याच्या तोंडाशी लावायचा म्यूट मिळतो. त्याने आवाज पुष्कळ कमी होतो. आणि ज्यांना तेवढाही सहन होत नसेल, त्यांनी सणाच्या दिवशी टाळ्या वाजविण्यापूर्वी क्षणभर विचार करावा.

माझ्यापुरते सांगतो. तो मुलगा आता रोज साडेपाच वाजता चर्चच्या मागच्या खोलीत येतो. चौथी जागा अजून त्याला नीट सापडत नाही. भिंतीपलीकडे मी बसलेला असतो, आणि तो सूर घसरला की माझा चेहरा वाकडा होतो. पण खिडकी मी उघडी ठेवली आहे.