मिरवणूक आणि एकी

संकटकाळीं समाज रस्त्यावर उतरतो, झेंडे घेऊन रांगेनें चालतो, आणि पाहणारे म्हणतात, "काय ही एकी!" न्यू यॉर्क शहरांतील फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर यहुदी समाजाची अशी मोठी मिरवणूक अनेक वर्षांपासून निघत आली आहे. ऑक्टोबर २०२३ मधील हल्ल्यानंतर, २०२४ सालच्या मिरवणुकींत ओलिसांचे आप्तही चालले. अशीं दृश्यें पाहून आमच्या विद्यार्थ्यांस एक प्रश्न पडावा : मिरवणुकीनें एकी निर्माण होते, कीं एकी असते म्हणून मिरवणूक शोभते? याचें उत्तर मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्याच इतिहासांत आहे.

हे कोंकणचे बेने इस्राएल लोक. आपले पूर्वज नौगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून या देशीं आले, अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेल गाळीत आणि शब्बाथ म्हणून शनिवारीं घाणा बंद ठेवीत. यावरून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. सभास्थान नव्हतें, हिब्रू भाषेचाही विसर पडला होता. तरी शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना त्यांनीं सोडली नाहीं. १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें सभास्थान बांधलें. पुढें डॉ. जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनीं त्यांस हिब्रू शिकविलें. ती शिकून हे लोक आपल्याच धर्मांत अधिक दृढ झाले, हें आम्ही मिशनच्या शाळेंतील शिक्षक आदरानेंच नमूद करतों.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर यांतील पुष्कळ कुटुंबें तिकडे गेलीं. तेथें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत मुख्य धर्मपीठानें त्यांच्या वंशाविषयीं शंका घेतली, आणि इतर यहुद्यांशीं त्यांचें लग्न लावण्यापूर्वीं पूर्वजांची चौकशी करावी असा नियम केला. शेंकडों वर्षें परमुलखांत जें जपलें, तेंच स्वकीयांच्या दारीं सिद्ध करण्याची पाळी आली! तेव्हां १९६४ च्या उन्हाळ्यांत हे लोक जेरूसलेमेंत जमले, निदर्शनें केलीं आणि ठाण मांडून बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजीं तेथील नेसेट नामक लोकसभेंत, बेने इस्राएल हे सर्वार्थानें यहुदीच आहेत, असें जाहीर झालें. त्यानंतर धर्मपीठानेंही त्या नियमांतून त्यांचें नांव काढून टाकलें.

संख्येनें अल्प, हातीं सत्ता नाहीं. मग हें बळ आलें कोठून? आमच्या मतें तें त्या बंद घाण्यांतून आलें. शेजाऱ्याचा घाणा फिरत असतां आपला थांबविणें म्हणजे दर आठवड्यास एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणें होय. ज्यांनीं हें पिढ्यान्‌पिढ्या, कोणी पाहत नसतांनाही केलें, ते प्रसंगीं एकत्र उभे राहिले यांत नवल तें काय? शिवाय त्यांची मागणी समान स्थानाची होती. दुसऱ्या कोणास खालीं ओढण्याची नव्हती.

मिरवणुका व्यर्थ आहेत असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. हे लोक घरींच बसते, तर त्यांचें दुःख कदाचित् अर्जांतच राहतें. परंतु मिरवणूक हें फळ आहे, मूळ नव्हे.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांतही मिरवणुकांस तोटा नाहीं. आणि जवळच वेरूळास बौद्ध, हिंदु व जैन लेणीं एकाच डोंगरांत शेजारीं शेजारीं आहेत. विद्यार्थ्यांनो, आपापल्या समाजाबरोबर अवश्य चाला. पण आधीं दोन प्रश्न स्वतःस विचारा. ढोल वाजत नसतात त्या दिवशीं समाजांतील दुबळ्याच्या उपयोगीं आपण पडतों काय? आणि आपली मिरवणूक परधर्मीय शेजाऱ्यास दारांत उभें राहून निर्भयपणें पाहतां येते काय? पालकांसही विनंति कीं, हे प्रश्न त्यांनीं मुलांबरोबर घरीं बोलावे. दोहोंचें उत्तर 'होय' येईल, तीच एकी संकटांत टिकेल.