ओटीपी नवऱ्याच्या खिशात

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. गावात मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि जिचा 'कोयता' मोडला अशी एखादी बाई. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं टाकलं की मुकादमाकडून आगाऊ उचल मिळणंही अवघड होतं.

अशी एक बाई मी मागच्या हिवाळ्यात एका सेवा केंद्रावर पाहिली. कॅरीबॅगेत आधार, रेशनकार्ड, पासबुक. लाडकी बहीण योजनेची केवायसी करायची होती. "मावशी, मालकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा," केंद्रावरचा मुलगा म्हणाला. ती गप्प. "फोन लावा की त्यांना." मग रांगेतल्या सात-आठ पुरुषांसमोर तिला सांगावं लागलं, की मालक चार वर्षांपासून नांदवत नाहीत. कॅरीबॅगेची गाठ मारून ती निघून गेली.

सप्टेंबर 2025 मध्ये ही केवायसी सक्तीची झाली, तीही नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारसह. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी वाट काढली: कागद अंगणवाडी सेविकेकडे द्या. पण टाकलेल्या बाईकडे ना मृत्यूचा दाखला असतो, ना कोर्टाचा हुकूम. सरकारच्या लेखी ती अजून नांदतीच आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 38 टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं दिसलं. पुरुषांचं प्रमाण होतं 61.5 टक्के. त्यात मार खाणाऱ्या बाईचा फोन तर आधी हिसकावला जातो. तिनं 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचा, तर तो टाइप करणारा पोरगा बहुधा गावातला, कदाचित दिराचा मित्र. संध्याकाळपर्यंत अर्जातली ओळ न् ओळ सासरी पोचते.

कार्यकर्त्या शैला लोहिया यांनी अंबाजोगाईत 'मनस्विनी' प्रकल्प उभा केला तो अशाच टाकलेल्या बायांसाठी. तेव्हा डोक्यावर छप्पर आणि हाताला काम हा प्रश्न होता. तो संपलेला नाही, त्यात आता मोबाइल-संगणकाच्या पडद्याची भर पडली आहे. हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी सखी केंद्र सहसा जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. आष्टीच्या किंवा धारूरच्या बाईनं दिवसाची मजुरी बुडवून बीड गाठायचं का? माझं मागणं साधं आहे. बीडच्या अकराही तालुक्यांत एकेक बंद दाराची खोली हवी. तिथं एक संगणक, एक प्रिंटर आणि तो चालवणारी पगारी बाई. अर्ज तिथंच, फुकट, आणि छापून झाल्यावर संगणकावरून तिच्या देखत पुसलेला.

तोवर एवढं करा. तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल तर तिला स्वतःच्या नावाचं सिम घेऊन द्या आणि आधार केंद्रावर सोबत जा, म्हणजे निदान तिचा स्वतःचा ओटीपी तरी तिच्याच हातात येईल. तिच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर बदलायला नवऱ्याची संमती लागत नाही, जुन्या नंबरचा ओटीपीही नाही. कोयत्यानं अंगठा झिजला असेल, तर डोळ्यांवरून ओळख पटवायला सांगा.